पोथी, पेटी आणि किल्ली

विद्या मुखांत असावी कीं पोथींत, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. ज्या घरीं वेदपठणाची परंपरा होती तेथें लिहिलेल्या अक्षराचा फारसा भरंवसा नसे, आणि ज्या घरीं सावकारीच्या वह्या होत्या तेथें तोंडच्या शब्दाचा मुळींच नसे. आमच्या पिढीनें मात्र या वादांत एक तिसरा पक्ष उभा राहिलेला पाहिला. पुष्कळ घरांतील ठेवा आतां मुखांतहि नाहीं आणि पोथींतहि नाहीं. तो तळहाताएवढ्या एका काळ्या पेटींत आहे. तिला बाजारांत ‘एक्स्टर्नल हार्ड डिस्क’ म्हणतात. आमच्या घरांत लहानथोर सर्व तिला नुसती ‘पेटी’ म्हणतात. ही पेटी आमच्या लॅपटॉपवर उघडेना, तेव्हां घराला तीन आठवडे मोठा घोर पडला होता. ती कां उघडत नव्हती, कशी उघडली, आणि उघडल्यावर काय दिसलें, हें सविस्तर सांगितल्यास ज्यांच्या घरीं अशी पेटी आहे त्यांच्या तें उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहें.

पेटींत काय होतें हें प्रथम सांगितलें पाहिजे. त्यावांचून आमच्या काळजीचें कारण कोणास कळणार नाहीं. आम्ही मुळशी तालुक्यांतील. सध्यां आमचें घर पौडास आहे. परंतु आमचें मूळ गांव धरणाच्या पाण्याखालीं आहे. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, येथें सत्याग्रहास आरंभ झाला, आणि पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापति’ हें नांव याच लढ्यांत मिळालें, हें वाचकांना ठाऊक असेलच. १९२४ पर्यंत लढा चालला. पण धरण व्हावयाचें तें झालें, आणि खोऱ्यांतलीं गांवें पाण्याखालीं गेलीं. आमच्या आजोबांनीं देव्हाऱ्यांतील देव, भिक्षुकीचीं पुस्तकें आणि कागदांची एक संदूक एवढें घेऊन गांव सोडलें. माझे वडील त्यानंतर जन्मले. त्यांनीं तें गांव डोळ्यांनीं कधीं पाहिलें नाहीं. परंतु आजोबांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकलें, कीं पुढें तें सर्व त्यांनीं ११ टिपणवह्यांत उतरून काढलें. कोणत्या शेताला काय नांव होतें, ओढ्यावर कोणाचा बांध होता, देवळांतील पूजेची पाळी कोणत्या महिन्यांत कोणाकडे येई, कोणाची लेक कोणत्या गांवीं दिली, असा सर्व तपशील त्यांत आहे. कांहीं वह्या बाळबोधींत आहेत, कांहीं मोडींत. शेतें पाण्याखालीं गेलीं. आणि त्यांचीं तीं नांवें आतां आमच्या माहितींत तरी कोणाच्या तोंडीं उरलेलीं नाहींत.

मुळशीचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांना तेथें कागदाची काय अवस्था होते हें सांगावयास नको. २०१५ सालीं माझ्या धाकट्या मुलानें या वह्यांच्या प्रत्येक पानाचें छायाचित्र घेऊन ठेवलें. त्यानंतरच्या वर्षांत चार वह्या वाळवीनें खाल्ल्या, आणि बाकीच्यांचीं पानें ओलीनें एकमेकांस अशीं चिकटलीं कीं सोडवूं गेल्यास अक्षर कागदाबरोबर निघून येतें. दुसरा ठेवा माझ्या आईच्या ओव्यांचा. आमच्या आईला अक्षरओळख बेताची, पण जात्यावरच्या दोनशेंहून अधिक ओव्या तिला मुखोद्गत होत्या. २०१८ च्या चातुर्मासांत धाकट्या सूनबाईनें रोज दुपारीं तिच्यापाशीं बसून त्या मोबाइलवर मुद्रित केल्या. पुढच्या माघांत आई गेली. तो मोबाइलहि यथाकाल गेला. पण त्यापूर्वीं त्यांतलें सर्व पेटींत उतरून ठेवलें होतें. वडिलांचें अक्षर आणि आईचा आवाज, असा आमच्या घरचा सारा पूर्वेतिहास त्या एका पेटींत होता. दुसरी प्रत करवून घेण्यासाठीं ती शहरांत एका दुकानीं दिली होती. तेथें गर्दीच्या वेळीं कोणी तरी ती चालू कामांतून ओढून काढली असावी. प्रत तर निघाली नाहींच. आणि पेटी परत आली ती मुकी होऊन.

ओव्या अशा रीतीनें जपून ठेवण्याची कल्पना कांहीं आमच्या घरांत उपजलेली नव्हे. या कामाचा मोठा धडा मुळशीच्या स्त्रियांनींच घालून दिलेला आहे. फ्रान्समध्यें जन्मलेले विद्वान गी पॉइत्वां आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनीं १९८० नंतरच्या काळांत येथील डोंगरी गांवांतील स्त्रियांच्या साहाय्यानें जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. पुढें महाराष्ट्रांतील इतर जिल्ह्यांतूनहि त्या मिळविल्या, आणि संग्रह एक लाखावर गेला. बर्नार बेल या संगीताच्या व संगणकाच्या अभ्यासकानें १९९० नंतर या कामांत भाग घेऊन पुष्कळ गायिकांचे आवाज मुद्रित केले, आणि ओव्यांची संगणकावर पद्धतशीर मांडणी केली. पॉइत्वां २००४ सालीं वारले. परंतु २०१७ पासून तोच संग्रह दुसऱ्या एका संस्थेनें, ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ हिनें, लोकांपुढें आणावयास घेतला. एकानें गोळा केलेलें दुसऱ्याला उघडतां आलें, वाचतां आलें, म्हणून तें टिकलें. गोळा करणाराच्या मागें ज्या संग्रहाची किल्ली कोणाच्या हातीं राहत नाहीं, तो संग्रह असून नसल्यासारखा. आमची पेटी मुकी झाली त्या दिवशीं मला प्रथम हीच गोष्ट आठवली.

आतां नव्या व्यवस्थेविषयीं. आमचा लॅपटॉप आठ वर्षांचा. ज्या कार्यप्रणालीवर तो चालत होता तिची नेहमींची देखभाल २०२५ च्या ऑक्टोबरांत बंद झाली, आणि तिच्या पुढची प्रणाली चालविण्यास हें यंत्र पात्र नाहीं असें समजलें. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राच्या घरचा कारभारी. कोणता जिन्नस कोठें ठेवावयाचा, कोणतें काम आधीं करावयाचें, बाहेरून आलेल्यास आंत घ्यावयाचें कीं नाहीं, हें सर्व त्याच्याकडे. धडधाकट यंत्र भंगारांत घालणें जिवावर आलें, म्हणून सूनबाईनें त्यांत लिनक्स बसविलें. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं असा संकल्प सोडला होता, कीं जिची रचना कोणालाहि वाचतां, सुधारतां आणि दुसऱ्यास देतां येईल अशी एक संपूर्ण प्रणाली उभी करावयाची. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें तिला लागणारा गाभा लिहून लोकांपुढें ठेवला. या दोहोंच्या मेळांतून ही मुक्त प्रणाली वाढली, आणि ती विनामूल्य मिळते.

शहरांतून परत आलेली पेटी या नव्या प्रणालीवर उघडेना, तेव्हां घरांत सर्वांचा पहिला संशय लिनक्सवरच गेला. आमचे थोरले बंधु स्पष्टवक्ते. ते म्हणाले, “फुकट मिळालेल्या वस्तूला धनी नसतो. आणि धनीच नाहीं, तर गाऱ्हाणें न्यावयाचें कोणाकडे?”

मी म्हटलें, “दादा, आपण लहानपणीं ज्या शास्त्राचे पाठ घेतले त्याचा धनी कोण होता? पाणिनीनें सुमारें ४,००० सूत्रें रचलीं. त्यांत जेथें उणें दिसलें तेथें कात्यायनानें वार्तिकें लिहिलीं. त्या दोघांचीहि पतंजलीनें महाभाष्यांत झाडाझडती घेतली. सूत्रें कुलुपांत ठेवलीं असतीं तर वार्तिकें कोणी लिहिलीं असतीं?”

दादा म्हणाले, “तें खरें. पण पाणिनीच्या सूत्रांत आईच्या ओव्या अडकल्या नव्हत्या.” या बोलण्यावर मला उत्तर नव्हतें. पेटी उघडून दाखविणें हेंच एक उत्तर होतें.

कामास लागलीं तीं मुख्यतः सूनबाई आणि आठवींतली माझी नात. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. तरी यंत्र जें कांहीं बोलतें तें शब्दकोश घेऊन नीट वाचावयाचें, एवढें काम मीं पत्करलें होतें. पहिली अडचण अशी, कीं केबल जोडली म्हणजे पेटीचा दिवा लागे, आंत घरघर सुरू होई, आणि क्षणांत बंद पडे. सूनबाई म्हणाली, “मामंजी, हिला पोटभर मिळत नाहीं.” तें अक्षरशः खरें होतें. या पेटीच्या आंत चकचकीत तबकडी असते आणि ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते. पेटीला वेगळी वीज नसते. ज्या केबलमधून माहितीची ये-जा होते तिच्यांतूनच तिला वीज घ्यावी लागते. यूएसबीच्या जुन्या पद्धतीच्या खांचेंतून ५०० मिलीॲम्पियर एवढाच प्रवाह मिळण्याची खात्री असते. नव्या, म्हणजे तिसऱ्या पद्धतीच्या खांचेंतून ९०० मिळतो. आमच्याकडील केबल लांब व बारीक, आणि ती जोडली होती जुन्या खांचेंत. पेटीबरोबरची मूळची आंखूड केबल शोधून काढली आणि निळ्या जिभेच्या खांचेंत बसविली, तेव्हां घरघर स्थिर झाली. प्रणालीचा येथें कांहीं संबंध नव्हता. ज्यांची पेटी दिवा लावून गप्प बसते त्यांनीं आधीं केबल आणि खांच बदलून पाहावी. निम्म्या तक्रारींचा निकाल तेथेंच लागतो.

पण आमचा लागला नाहीं. घरघर चालू राहिली, तरी पडद्यावर पेटीचें चित्र उमटून पुसलें जाई. मग सूनबाईनें टर्मिनल नांवाची काळी खिडकी उघडली. तींत चित्रें नसतात. आपण आज्ञा लिहावयाची आणि यंत्रानें उत्तर लिहावयाचें. मला ही रीत फार आवडली. शाळेंतल्या प्रश्नोत्तरांसारखी ती आहे. एल्, एस्, बी, एल्, के ही पांच अक्षरें लिहितांच यंत्रानें आपल्याला जोडलेल्या सर्व तबकड्यांची यादी दिली. यंत्राची स्वतःची तबकडी ‘एस् डी ए’ या नांवानें. आणि तिच्याखालीं ‘एस् डी बी’, ती आमची पेटी. तिच्यापुढें ९३१.५ हा आंकडा होता. नात म्हणाली, “आजोबा, पेटी तर एक हजाराची घेतली होती ना? मग बाकीचें कुठें गेलें?” मीं हिशेब मांडून दाखविला. विकणारा हजार-हजारांच्या पटीनें मोजतो आणि यंत्र १,०२४ च्या पटीनें मोजतें. एकच राशि दोन मापांनीं मोजली म्हणजे आंकडे निराळे यावयाचेच. माल कोठेंहि गेलेला नव्हता, आणि पेटी यंत्राला दिसत होती, हें समजून सर्वांच्या जिवांत जीव आला.

येथें एक भेद वाचकांनीं लक्षांत घ्यावा, कारण पुष्कळांचा गोंधळ याच ठिकाणीं होतो. पेटी जोडली जाणें निराळें आणि ती आंत घेतली जाणें निराळें. पाहुणा ओसरीवर आला म्हणजे पंक्तीला बसला असें होत नाहीं; पाट मांडावा लागतो, नांव विचारावें लागतें, मग पान वाढलें जातें. लिनक्समध्यें या पाट मांडण्याला ‘माउंट’ करणें म्हणतात. पेटीला यंत्रांतील एक जागा नेमून दिली म्हणजे त्या जागेवर तिच्यांतील सर्व कागद दिसूं लागतात. एरव्हीं हें काम प्रणाली आपण होऊन करते. आमच्या पेटीच्या बाबतींत ती करावयास तयार नव्हती, आणि कां नव्हती हेंच समजावयाचें होतें.

या सुमारास घरीं आलेल्या एका जाणत्या गृहस्थांनीं मोठ्या आत्मीयतेनें सल्ला दिला, “फॉर्मॅट मारा. पांच मिनिटांचें काम. पेटी नव्यासारखी चालेल.” चालली असती, यांत संशय नाहीं. पण कोऱ्या वहींत अक्षर शोधून काय सांपडणार? फॉर्मॅट करणें म्हणजे ग्रंथालयाची सूचि फाडून टाकून कपाटांवर नवीं रिकामीं लेबलें लावणें. पुस्तकें तत्काळ जळत नाहींत हें खरें, परंतु कोणतें पुस्तक कोठें होतें हें सांगणारें कांहीं उरत नाहीं, आणि नवें आलेलें पुस्तक जुन्याच्या जागेवर बसतें. मग तज्ज्ञाकडे गेलें तरी हातीं येतील तीं सुटीं पानें. सूनबाईनें त्या गृहस्थांना चहा दिला, आणि पेटी उचलून देव्हाऱ्याच्या फडताळांत ठेवली.

प्रणालीला नकाराचें कारण विचारण्याचीहि सोय आहे. ती आपली एक रोजनिशी ठेवते. काय आलें, काय गेलें, काय बिघडलें, सर्व तींत क्रमानें नोंदलेलें असतें. सूनबाईनें ती रोजनिशी उघडली आणि मीं शब्दकोश उघडला. शेवटच्या ओळींत असें होतें, कीं हा साठा ‘डर्टी’ आहे आणि बळजबरी करण्याची आज्ञा दिलेली नाहीं. मीं मोठ्यानें अर्थ वाचला, “मळकट, अस्वच्छ.” दारांत उभ्या असलेल्या आमच्या मंडळी म्हणाल्या, “म्हणजे पेटी ओवळी झाली म्हणा कीं!” सर्वजण हंसले, पण विचार करतां, याहून नेमका शब्द मला अजून सुचलेला नाहीं.

पेटींत लिहिण्याचें काम सुरू होतें तेव्हां यंत्र सर्वच मजकूर तत्क्षणीं तबकडीवर उतरवीत नाहीं; कांहीं आपल्या हातांत धरून ठेवतें आणि सवडीनें लिहितें. म्हणून आरंभीं तें पेटीवर ‘काम चालू आहे’ अशी खूण करतें. आपण रीतसर निरोप घेतला, म्हणजे हातांतलें सर्व लिहून पुरें करून ती खूण पुसतें. मध्येंच केबल ओढली, तर खूण तशीच राहते. पुढें जो कोणी ती पेटी उघडेल त्याला त्यावरून कळतें, कीं येथें एक काम अर्ध्यावर सुटलेलें आहे. सूचि आणि कपाट यांचा मेळ असेलच असें नाहीं. अशा स्थितींत वर आणखी लिहीत गेल्यास नवें जुन्यावर पडून असेल तेंहि जावयाचें. लिनक्सनें दार अडविलें होतें तें एवढ्यासाठीं. ज्याला आम्ही आडमुठेपणा समजत होतों तो सावधपणा होता.

मग मार्ग काय? ओवळ्या वस्तूला शिवूं नये, पण ती दुरून पाहावयास कोणाची हरकत नाहीं. माउंट करण्याच्या आज्ञेंत ‘आर् ओ’ ही दोन अक्षरें घातलीं, कीं त्याचा अर्थ ‘केवळ वाचावयाचें, लिहावयाचें कांहीं नाहीं’ असा होतो. ही आज्ञा दिली त्या रात्रीं घरांतील सर्व माणसें त्या लहानशा पडद्याभोंवतीं जमलीं होतीं. क्षणभर कांहीं झालें नाहीं. आणि मग देवनागरींत लिहिलेलीं तीं नांवें एकाखालीं एक उमटलीं: वहींचीं, वर्षांचीं, आणि सर्वांच्या शेवटीं ‘आजींच्या ओव्या’.

कोणी जल्लोष केला नाहीं. सूनबाईनें प्रथम एका नव्या पेटींत सर्व उतरून घेण्यास आरंभ केला, आणि तें संपेपर्यंत जुन्या पेटीस कोणी हात लावूं नये असें बजावलें. सुमारें तीन तास लागले. दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि आकार मेळवून पाहिल्यावर मग तिनें एक ओवी लावली. पाटावर बसल्याबसल्या जुळवून घेतलेला आईचा तो किंचित् घोगरा सूर, मधून बांगड्यांचा आवाज, आणि मध्येंच “अग, दूध पाहा” म्हणून सुनेला केलेली सूचना. दादा उठून ओसरीवर गेले. थोड्या वेळानें आंत येऊन त्यांनीं एवढेंच विचारलें, “हिची आणखी एक प्रत माझ्या खोलींत ठेवतां येईल का?”

पुढचें काम सोपें होतें. जुनी पेटी पुतण्याच्या घरीं नेली. त्याच्या यंत्रावर, ज्या प्रणालीच्या पद्धतीनें ती मुळांत मांडलेली होती, ती प्रणाली आहे. तिच्याकडून तपासणी करवून सूचि आणि कपाट यांचा मेळ घालून घेतला, रीतसर निरोप देऊन ती काढली, आणि घरीं आणून जोडली. लिनक्सनें तिला तत्काळ आंत घेतलें. वाचूं दिलें आणि लिहूंहि दिलें. लिनक्समध्येंहि ही खूण पुसण्याची एक आज्ञा आहे. परंतु ती वरवरचा मळ काढते, पुरी तपासणी करीत नाहीं. म्हणून मौल्यवान ठेव्याच्या बाबतींत आधीं प्रत, मग मूळ पद्धतीनें तपासणी, हाच क्रम बरा.

परक्या पद्धतीनें मांडलेली पेटी लिनक्सला वाचतां तरी कशी येते, हा प्रश्न माझ्या मनांत राहिला होता. त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. आमच्या पेटीची मांडणी ‘एन् टी एफ् एस्’ नांवाची. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ती १९९३ सालीं प्रचारांत आणली. तिची अंतर्गत रचना पूर्णपणें प्रसिद्ध केलेली नव्हती. तेव्हां स्वयंस्फूर्तीनें काम करणाऱ्या लोकांनीं तबकडीवरील खुणा एकेक करून तपासल्या, काय लिहिलें असतां काय उमटतें याचीं टिपणें केलीं, आणि नियम बसविले. २००७ सालीं साबोल्च साकाचित्स या हंगेरियन गृहस्थाच्या प्रयत्नानें या मांडणींत निर्धास्तपणें लिहूं-वाचूं शकणारी योजना सर्वांसाठीं खुली झाली. आणि २०२१ सालीं एका व्यापारी कंपनीनें आपली तशीच योजना लिनक्सच्या गाभ्यालाच अर्पण केली. अशोकाच्या लेखांसमोर पंडितहि निरुत्तर होत, त्या ब्राह्मी लिपीची उकल जेम्स प्रिन्सेपनें १८३७ च्या सुमारास केली, ती अशाच चिकाटीनें, खूण खुणेशीं ताडून. लेख दगडांत कोरलेले होते, कोठेंहि गेले नव्हते. गेली होती ती वाचण्याची किल्ली.

ही गोष्ट लिहितांना आमच्या घरींच तिचा प्रत्यय आला. पेटी उघडली, वह्यांचीं चित्रें दिसलीं. पण त्या वह्यांची जी विषयवार सूचि मुलानें पूर्वीं टाइप करून ठेवली होती, ती उघडतांच पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता पालापाचोळा दिसूं लागला. कारण असें, कीं ती एका जुन्या टंकांत लिहिलेली होती. त्या काळच्या पुष्कळ मराठी टंकांत ‘क’ हें अक्षर यंत्राच्या लेखीं ‘क’ नसेच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर ‘क’चें चित्र बसविलेलें असे. टंक असेल तोंवर मराठी, टंक गेला कीं पाचोळा. युनिकोड या सर्वमान्य पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ च्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून तो आहे. सूचीची छापील प्रत सुदैवानें दादांच्या कपाटांत सांपडली. ती शेजारीं ठेवून नातीनें दिवाळीच्या सुटींत कोणत्या खुणेला कोणतें अक्षर याचें कोष्टक तयार केलें, आणि आईच्या मदतीनें सारी सूचि युनिकोडमध्यें आणली.

तरीहि तीन वह्या राहिल्या. त्या मोडींत आहेत. त्यांचीं चित्रें स्वच्छ आहेत, आणि मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्यें स्थानहि मिळालेलें आहे. परंतु वाचणारा हवा. आमच्या घरांत दादा आणि मी सोडून कोणास मोडी येत नाहीं, आणि दादांची दृष्टि आतां अधू झाली आहे. म्हणून दर रविवारीं सकाळीं नात आणि मी एक पान घेऊन बसतों. ती मला यंत्राच्या आज्ञा शिकविते, मी तिला मोडीचीं वळणें शिकवितों. गेल्या रविवारीं तिनें एका शेताचें नांव आपलें आपण वाचलें. शंभर वर्षें पाण्याखालीं असलेल्या त्या शेताचें नांव तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून मोठ्यानें ऐकतांना मला जें वाटलें तें सांगतां येण्यासारखें नाहीं.

शेवटीं, संसारी वाचकांसाठीं चार सूचना. ठेवा एकाच पेटींत ठेवूं नये. दोन प्रती असाव्या, आणि त्या दोन निरनिराळ्या घरीं असाव्या, कारण आग आणि पाणी हीं एका घराला लागलीं तर सबंध घराला लागतात. पेटी काढतांना पडद्यावर निरोपाची आज्ञा द्यावी आणि यंत्राची संमति आल्यावरच केबल काढावी. ही शिस्त मुलांना पायांतल्या चपला बाहेर काढण्याइतकी अंगवळणीं पाडावी. ‘फॉर्मॅट’ हा शब्द कोणी उच्चारला, तर आंतल्या ठेव्याची दुसरी प्रत प्रत्यक्ष पाहिल्यावांचून होकार देऊं नये. मराठी मजकूर युनिकोडमध्येंच ठेवावा, आणि पेटींत काय आहे याची एक यादी साध्या कागदावर, सुवाच्य अक्षरांत लिहून पेटीबरोबर ठेवावी. ती उघडावयास वीज लागत नाहीं.

आणखी एक. दसऱ्याला आपण पोथ्यांची पूजा करतों. पूर्वीं त्या निमित्तानें पोथ्या बाहेर निघत, उन्हें खात, वाळवी लागली असल्यास दिसून येई. पूजा ही एका परीनें वार्षिक तपासणीच होती. पेट्याहि त्या दिवशीं बाहेर काढाव्या, यंत्राला जोडून उघडून पाहाव्या, आणि घरांतील लहान मुलांना जवळ बसवून त्यांतील एखादें पान वाचून दाखवावें, एखादा आवाज ऐकवावा. मुक्त प्रणाली आपल्याला कुलूप न लावलेलें दार देते, आणि हें तिचें उपकार मोठे आहेत. पण दारांतून आंत जाऊन वाचावयाचें कोणी, याची तजवीज घरानें स्वतःच करावयाची असते. ती तजवीज वडील माणसांच्या हयातींतच व्हावी, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.